शनिवारी खुलताबादेत जेवायचं कुठं?

पत्र: नमस्कार. आम्ही सेलूचे. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरात, घरची आठ माणसं एका गाडीनं निघणार आहोत. शुक्रवारी संध्याकाळी संभाजीनगर, शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीचं दर्शन, रात्री म्हैसमाळला मुक्काम आणि रविवारी वेरूळ करून परत. सासूबाई शनिवार धरतात. दिवसभर उपासाचं खातात आणि संध्याकाळी सोडतात. सासऱ्यांना साखर आहे, दातही गेलेत, भाकरी मऊ लागते. आमचे हे आणि भाऊजी नान खलिया खाल्ल्याशिवाय यायचं नाही म्हणतात. दोन लेकरांना तिखट चालत नाही. मागच्या खेपेला वेरूळच्या रस्त्यावर दुपारी तीनला जेवायला बसलो, तर थंड भात आणि पाणचट वरण मिळालं. सासूबाई तर उपाशीच राहिल्या. सगळ्यांचं एका ठिकाणी भागेल असं एखादं हॉटेल सांगा. भाऊजी म्हणतात हॉटेल कशाला, म्हैसमाळला माळावरच चूल मांडू. तसं जमेल का? (एक वाचक, सेलू)

ताई, सगळ्यांचं एका ठिकाणी भागेल असं हॉटेल मी सांगणार नाही. ते शोधत फिरलात तर ह्याही खेपेला तीन वाजतील. तुमच्या गाडीत आठ माणसं आणि चार तऱ्हेची जेवणं आहेत. ती एका ताटात कोंबण्यापेक्षा तीन दिवसांत वाटून घेतली तर कुणालाच मन मारावं लागणार नाही.

आधी त्या भागाची रीत समजून घ्या. संभाजीनगरहून दौलताबादवरून घाट चढला की साधारण 25 किलोमीटरवर खुलताबाद लागतं. जुनी माणसं अजून रौजाच म्हणतात. तिथून एका अंगाला खाली उतरलं की थोड्याच अंतरावर वेरूळ, आणि दुसऱ्या अंगाला चढत गेलं की बारा-एक किलोमीटरवर म्हैसमाळ, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. तिन्ही ठिकाणं इतकी जवळ, पण प्रत्येकाचा वार वेगळा. शनिवार भद्रा मारुतीचा. गुरुवारी-शुक्रवारी दर्ग्यांकडे माणसं येतात. सोमवारी, त्यातही श्रावणात, घृष्णेश्वराला रीघ लागते. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, त्यामुळे त्यांच्यासमोरचा धंदा थंडावतो. म्हैसमाळ रविवारचं, शहरातल्या गाड्यांचं.

ज्या ठिकाणचा वार असतो, तिथं त्या दिवशी भांडं दिवसभर चुलीवर असतं, कढई थंड होत नाही, भाकरी थापणारी बाई उठत नाही. म्हणजे जेवण ताजं मिळतं. फक्त साडेबारा ते अडीच ह्या वेळात तिथं बसायला जागा नसते. तेव्हा ज्याचा वार त्याच्या दारात जेवायचं, पण गर्दीच्या तासभर आधी. मागच्या वेळी तुम्हाला थंड भात मिळाला, त्यात माझ्या मते हॉटेलापेक्षा वेळेचा दोष जास्त होता. तीनला भात सकाळचाच असतो आणि वरणात पाणी पडलेलं असतं. मोबाईलवर तारे पाहून हॉटेल निवडाल तर हे कळणार नाही. तारे देणारा कोणत्या वारी, किती वाजता जेवला हे तिथं लिहिलेलं नसतं.

आता शुक्रवार. नान खलिया शुक्रवारी संध्याकाळीच उरका, आणि तो शहरातच खा. शनिवारी सासूबाईंचा उपास आणि मारुतीचं दर्शन असताना घरातल्या दोघांनी मटणाची जागा शोधत फिरावं, हे त्यांना बोचेल. त्या तोंडानं काही म्हणणार नाहीत, पण सगळा दिवस कडू होईल. शुक्रवारी हा प्रश्नच येत नाही. शहागंज, बुढीलेन, रोशन गेट हा जुन्या शहराचा पट्टा नान खलियाचा. मोठ्या देगेत तासन्‌तास शिजलेलं मांस, वर लाल तरी, आणि सोबत तंदूरचा जाड, मऊ नान. 1327 मध्ये महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा एवढ्या लवाजम्याला एकदम जेवू घालायला हा पदार्थ निघाला, असं इथले लोक सांगतात. खरं-खोटं काहीही असो, हे मोठ्या पंगतीचंच जेवण आहे. लग्नात, उरसात, शेकडो माणसांसाठी एकाच देगेतून वाढायचं. म्हणून लहान भांड्यात, दोन माणसांपुरता, ऑर्डर दिल्यावर करून आणलेला खलिया मागवू नका. देग समोर दिसते तिथंच बसा.

एक गोष्ट आत जाण्याआधी विचारा: ‘बडे का की छोटे का?’ छोटे का म्हणजे बकऱ्याचं, बडे का म्हणजे म्हशी-रेड्याचं. नान खलिया दोन्हीचा मिळतो. हे विचारण्यात अपमान काही नाही. रोज कितीतरी गिऱ्हाईकं विचारतात आणि दुकानदार सरळ उत्तर देतो. खाऊन झाल्यावर कळलं तर घरात वाद होतो, आणि तो वाद मग त्या गल्लीच्या नावानं वर्षानुवर्षं सांगितला जातो. तसं होऊ देऊ नका. नान गरम असतानाच खायला सांगा, गार झाला की वातड होतो.

त्या वेळी बाकीच्यांनी काय करायचं? तुम्ही, जाऊबाई, सासू-सासरे आणि लेकरांनी मुक्कामाच्या जवळच साधी थाळी घ्यावी. शुक्रवारी सासूबाई जेवतात, तेव्हा त्यांना त्या रात्री पोटभर, गरम आणि लवकर जेवू द्या. दुसऱ्या दिवसाचा उपास त्यावरच निभतो. दोघं भाऊ तासाभरात येतील.

शनिवार हा तुमचा खरा दिवस, आणि तो सकाळी लवकर सुरू करा. भद्रा मारुती निद्रिस्त आहे, आडवा. अशी मारुतीची मूर्ती फार थोड्या ठिकाणी आहे, म्हणून शनिवारी लांबलांबून माणसं येतात. श्रावणातल्या शनिवारी आणि हनुमान जयंतीला तर शहरातून रात्रभर पायी चालत येतात. नोव्हेंबरात तितकी गर्दी नसेल, तरी आठच्या सुमारास पोहोचलात तर दर्शनही होईल आणि खाणंही.

सासूबाईंचं पोट शनिवारी जितकं सहज भरेल तितकं खुलताबादेत दुसऱ्या वारी भरणार नाही. मंदिराच्या रस्त्यावर त्या दिवशी उपासाचंच राज्य असतं. साबुदाण्याची खिचडी, साबुदाणा वडा, कुठं भगर आणि शेंगदाण्याची आमटी, केळी, राजगिऱ्याचे लाडू. खिचडी घेताना दोन गोष्टी पाहा. परात झाकून ठेवलेली असेल तर तळाची खिचडी गोळा झालेली असते. नुकती उतरवलेली मागा. आणि वडा घ्यायचा तर त्याच कढईत कांदाभजे, मिरचीभजे तळताहेत का ते बघा. ज्यांचा उपास कडक आहे त्यांना कांद्याच्या तेलातला वडा चालत नाही. सासूबाई विचारायला संकोचतील, म्हणून तुम्ही विचारा. वेगळी कढई ठेवणारे आवर्जून सांगतात.

सासऱ्यांना मात्र सासूबाईंच्या ताटातली खिचडी वाढू नका. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिठूळ, साखर झपाट्यानं चढवतो, भगरही जपूनच. तीर्थाला आलोय, चार घास प्रसाद म्हणून, असं घरचेच म्हणतात आणि मग संध्याकाळी अंग गळतं. त्यांच्यासाठी सकाळी बसस्टँडच्या बाजूला गरम पोहे थोडे, सोबत शेंगदाणे किंवा घरून नेलेलं उकडलेलं अंडं, खात असतील तर. आणि चहा बिनसाखरेचा सांगा. खुलताबाद-कन्नड ह्या पट्ट्यात अद्रकाचं पीक मोठं आहे. ताजं ठेचलेलं अद्रक पडलं की साखरेवाचूनचा चहाही रुचतो. कपात आधीच साखर घातलेला चहा तिथं बहुतेक ठिकाणी तयार असतो, म्हणून वेगळा करून घ्यावा लागेल. दोन मिनिटं थांबायची तयारी ठेवा. लेकरांना इथंच गरम जिलबी किंवा केळी मिळतील, त्यांची चिंता सकाळची नाही.

दर्शन झाल्यावर गावात जा. खूप जण मंदिराच्या वाहनतळावरूनच गाडी फिरवतात, त्याचं मला वाईट वाटतं. हे तटबंदीचं गाव आहे, नगारखान्याच्या दरवाज्यातून आत शिरलं की चढ-उताराच्या दगडी गल्ल्या लागतात. जर जरी जर बक्ष आणि त्यांचे भाऊ बुऱ्हानुद्दीन गरीब ह्या सूफी संतांचे दर्गे इथं आहेत. चौदाव्या शतकापासून ह्या डोंगरावर येणाऱ्याला जेवू घालायची रीत त्या दर्ग्यांभोवती वाढली. जवळच मलिक अंबरची कबर आहे. तो 1626 मध्ये गेला. त्या गल्ल्यांमधल्या हॉटेलांत शाकाहारी माणसाला जेवण कमी मिळेल, हे खरं. पण चहा, खारी, बिस्किटं, लेकरांना क्रीम रोल, हे सगळं निवांत बसून मिळतं. ‘तिकडं जाऊ नका, आपलं नाही ते’ असं सांगणारा कुणीतरी तुमच्या घरात निघेल. त्याचं ऐकू नका. ज्याला जे चालत नाही ते त्यानं खाऊ नये, एवढं पुरे आहे. सासूबाईंनाही उपासाचा चहा तिथं घेता येईल. नको म्हणाल्या तर त्या सावलीला बसतील. उरसाच्या दिवसांत आलात तर मैद्याचा तळलेला, खुसखुशीत खाजा इथं मिळतो. लोक पिशव्या भरभरून घरी नेतात. नोव्हेंबरात तो दिसला तर घ्या, पण त्याच्यासाठी दुकानं पालथी घालू नका.

दुपारचं जेवण अकरा ते साडेअकराला. हो, इतक्या लवकर. सकाळी कमी खाल्लं असेल तर भूक लागतेच. मंदिराच्या आणि शहराच्या रस्त्यावर बेसन-भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, शेवभाजी, वरण-भात देणारी साधी घरगुती हॉटेलं आहेत. ‘चुलीवरचं जेवण’ अशा पाट्या आता प्रत्येक दुसऱ्या दारावर आहेत, म्हणून पाटीवर जाऊ नका. परात आणि तवा दिसतो का बघा. बाई समोर भाकरी थापत असेल तर गाडी थांबवा. ढीग रचून फडक्यात गुंडाळलेली भाकरी असेल तर पुढं चला, कारण सासऱ्यांना दात नाहीत आणि तासाभराची भाकरी त्यांना चावणार नाही. त्यांच्यासाठी तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी मागा, ताटातच गरम वरणात किंवा पातळ बेसनात कुस्करा आणि दोन मिनिटं मुरू द्या. ठेचा बाजूला. बसल्या बसल्या सांगायचं: ‘दोन ताटं बिनतिखट, वरणात फोडणीची मिरची नको.’ लेकरांसाठी दही वेगळं मागवा. शेवभाजी त्यांना देऊ नका, दिसते साधी पण घशाला लागते. सासूबाईंना त्या वेळी दही, केळी, शेंगदाण्याचे लाडू. त्यांनी सगळ्यांच्या पंगतीत बसून आपलं खावं, कोपऱ्यात वेगळं नको.

आणि सासऱ्यांची साखरेची गोळी. ती जेवणाआधीची असेल तर ताट समोर आल्यावरच द्या. हॉटेलात शिरताना गोळी दिली आणि ताटाला पाऊण तास लागला, तर साखर उतरून चक्कर येते, घाम सुटतो. प्रवासात हे फार वेळा घडतं. गाडीत फुटाणे हाताशी ठेवा आणि साखरेची पुडीही, तसं झालंच तर लगेच द्यायला.

म्हैसमाळचं गणित पार निराळं आहे. तिथं गाव लहान, हॉटेलं मोजकी, आणि रविवार सोडला तर गिऱ्हाईक कमी. म्हणून मालक सामान बेतानं आणतो. संध्याकाळी सातला जाऊन ‘काय काय आहे’ विचारलंत तर मॅगी आणि भजे मिळतील. मुक्कामाच्या जागी शनिवारी सकाळीच फोन करून आकडा द्या. किती माणसं, किती भाकऱ्या, किती बिनतिखट, आणि वाढायची वेळ. भाऊजींना गावरान कोंबडी हवी असेल तर तेही सकाळीच सांगा, कारण गावरान कोंबडी दोन तासांशिवाय नरम पडत नाही. भाव किलोवर आहे की ताटावर, त्यात भाकरी-भात धरलाय की नाही, हे फोनवरच ठरवा. चुलीशेजारी बसून भाव करायची वेळ येऊ देऊ नका, जेवणाची चव जाते. फक्त ती कोंबडी सासूबाईंच्या ताटाआधी येऊ नये. आधी त्यांना गरम वरण-भात, तूप, एक माळव्याची भाजी वाढून उपास सोडू द्या. मग भाऊजींचं.

दुपारी तीन-साडेतीनला वर पोहोचा. गिरिजामातेचं आणि बालाजीचं दर्शन घ्या, कड्याकडून खालचं रान बघा. वाटेत भाजलेली कणसं मिळाली तर लेकरांना द्या, मीठ-लिंबू लावून, तिखट न लावता. नोव्हेंबरात सहाच्या आत अंधार पडतो आणि वारा सुटतो. घामेजल्या अंगानं बसून राहिलेलं म्हातारं माणूस तिथं गारठतं. म्हणून जेवण साडेसातला ठरवा, नऊला नको. वरच्या माकडांना काही खाऊ घालू नका, आणि लेकरांच्या हातात उघडी पिशवी देऊ नका.

रविवारी वर थांबू नका. दहानंतर शहरातल्या गाड्या चढायला लागतात आणि तुम्ही त्यांच्या उलट उतरायचं. वेरूळची लेणी सकाळी बघा. 34 आहेत, सासू-सासऱ्यांना सगळी दाखवायचा हट्ट नको. सोळावं कैलास लेणं दाखवा आणि त्यांना सावलीत बसवा. लेण्यांसमोरच्या हॉटेलांत पर्यटकांची थाळी मिळते. ती ठीक असते, महाग असते, आणि साडेबारानंतर तिथं एकदम बसच्या बस उतरतात. तुम्ही बारालाच बसा. घृष्णेश्वराचं दर्शन जेवणानंतर ठेवलंत तर रांगेत सासरे उपाशी उभे राहणार नाहीत. ओळ लांब दिसली तर अहिल्याबाईंनी बांधून घेतलेल्या शिवालय कुंडावर बसा, पायऱ्यांवर थंडावा असतो.

परतताना दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळं आणि पेरू विकायला बसलेल्या बाया दिसतील. त्या दिवसांत सीताफळ संपत आलेलं असतं आणि पेरू सुरू होतो. सीताफळ दाबून बघू नका, काळं पडतं. डोळे उघडलेलं, दोन दिवसांत पिकेल असं निवडा. सासऱ्यांना पेरू द्या, बिया काढून, पातळ फोडी करून. सीताफळ त्यांना एक चमचा चवीपुरतं, बस्स.

राहता राहिली भाऊजींची चूल. ताई, हे मात्र मी ठाम सांगते, माळावर चूल मांडू देऊ नका. पावसाळा सरला की म्हैसमाळचं गवत वाळून कोरडं ठक्क होतं, आणि वर सतत वारा. एक ठिणगी गवतात गेली तर आठ माणसांच्या हातानं ती विझत नाही. वणवा उतारावरून खालच्या शेतांपर्यंत येतो, आणि गंजी, कडबा, जनावरांचा चारा जळतो. दुष्काळाच्या मुलखात कडब्याची गंजी जळणं म्हणजे काय, हे सेलूच्या माणसाला मी सांगायला नको. शिवाय वरचा बराच भाग वनखात्याचा आहे. भाऊजींना स्वतःच्या हातानं रांधायची हौस असेल तर मुक्कामाच्या मालकाला विचारा. बऱ्याच जणांच्या परसात चूल असते आणि तो आनंदानं देतो. तिथं मसाला त्यांनी घालावा, कोंबडी त्यांनी ढवळावी.

आणि घरून शिदोरी न्याच. धपाटे करा, ज्वारी-बाजरी-बेसनाचे, कांदा न घालता. कांद्यानं दुसऱ्या दिवशी वास येतो. लेकरांसाठी दुधातल्या दशम्या. शेंगदाण्याची चटणी कोरडी, घट्ट डब्यात. हे शनिवारसाठी नको, रविवारच्या सकाळसाठी ठेवा. म्हैसमाळला सकाळी सातला कुणाची चूल पेटलेली नसते, चहा मिळायलाच आठ वाजतात, आणि तुम्हाला तर गाड्या चढायच्या आत उतरायचं आहे. शुक्रवारी निघताना केलेले धपाटे थंडीच्या दिवसांत रविवारी सकाळपर्यंत टिकतात, तेल थोडं जास्त लावून खरपूस भाजले तर. सासऱ्यांचे दोन वेगळे करा, मऊ, कणीक जास्त घालून. आणि मुक्कामाच्या मालकाकडून आदल्या रात्रीच वाटीभर दही मागून ठेवा.